पारव्याची एक्केचाळीस पिल्लं

दवाखान्याच्या मागच्या दाराने बसड्रायव्हर आत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर चादरीत गुंडाळलेला कुत्रा होता आणि शर्टाच्या खिशातून कुत्रा-पालक मंडळाची हिरवी नियमपुस्तिका डोकावत होती. ओझं तेहतीस किलोंचं. डॉक्टरबाईंनी टेबलाकडे बोट दाखवलं, तरी तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. खाली ठेवला की संपलं, हे त्याला कळत होतं.

"कलम नऊ," तो म्हणाला. "भुरा सहा वर्षांच्या आत गेला तर उघडून बघायचा, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणून आणलाय. नाहीतर ह्याच्या अंगाला सुरी लावू दिली नसती मी."

हे बोलणं होतं कोपऱ्यात उभ्या असलेल्या ताईला. कलम नऊ ताईनेच लिहिलं होतं. खरं तर बावीसपैकी सतरा कलमं तिचीच. भुरा ही धनगरांची जुनी जात. उंच पायांची, राखेच्या रंगाची, मेंढरांमागे दिवसभर पळूनही न थकणारी. मेंढरं गेली, कुरणं गेली आणि कुत्री माणसांच्या घरात आली. ताईने नोंदवही हाती घेतली तेव्हा सगळ्या मुलखात मिळून दोनशेसुद्धा उरली नव्हती. आज तीनशे बारा होती. सकाळपासून तीनशे अकरा.

"नाव काय ह्याचं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"भोपळ्या." ड्रायव्हरच्या तोंडावर ओशाळं हसू आलं. "पिल्लू असताना पोट बघून बायकोने ठेवलं. पुढे झाला घोड्यासारखा, पण नाव चिकटलं ते चिकटलं. बागेत हाक मारली की लोक आधी मलाच बघायचे."

"गेला कसा?"

"पट्टा तोंडात धरून आला. फिरायला जायचं ना. मी बुटाची नाडी बांधत होतो. म्हटलं थांब बाबा, आलोच. तर काहीतरी विसरल्यासारखा खाली बसला. मान टाकली. धाप नाही, ओरडणं नाही. मी दुसऱ्या बुटाची नाडी बांधत होतो हो तेव्हा."

त्याला बाहेरच्या बाकावर बसवून डॉक्टरबाईंनी हातमोजे चढवले. ताई आतच थांबली. तीस वर्षं तिने माणसांच्या इस्पितळात हृदयाचे आलेख काढले होते, रक्ताचं तिला काही नव्हतं. पण डॉक्टरबाईंनी दोन्ही तळव्यांत धरून ते हृदय दिव्याखाली आणलं तेव्हा तिने चष्मा लावून पुन्हा पाहिलं. हाताने घट्ट मूठ वळावी तसं असतं हृदय. हे धुऊन धुऊन सैल झालेल्या पिशवीसारखं होतं.

"भिंत एवढी जाड हवी," डॉक्टरबाईंनी करंगळीचं पेर दाखवलं. "आणि ही बघा. पलीकडचा उजेड दिसतोय. तीन वर्षांचाही नाही ना हा?"

"पावणेतीन."

"आई कोण, बाप कोण?"

ताईला वही उघडावी लागत नसे. "आई साळुंकी. आठ वर्षांची, अजून ठणठणीत. सगळे आलेख स्वच्छ. बाप पारवा."

"म्हणजे तुमच्या भावाचा?"

"माझ्या भावाचा. दर वर्षी आलेखाचं जाकीट होतं त्याचं. यंदाही झालं. चोवीस तासांत एकही ठोका चुकलेला नाही."

डॉक्टरबाईंनी हातमोजे उलटे करत काढले, बादलीत टाकले आणि साबण लावता लावता पाठमोऱ्याच म्हणाल्या, "एकही नाही? आठव्या वर्षी? ताई, माझा स्वतःचा आलेख काढलात तर पाच-पंचवीस निघतील. इतकं स्वच्छ देवाच्या दारीसुद्धा नसतं कुणी."

बाहेर ड्रायव्हरने एकच प्रश्न विचारला. "आमचं काही चुकलं का? खाण्यात वगैरे? बायको सकाळपासून तेच विचारतेय."

"नाही हो," ताई म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही." हे वाक्य तिने याआधी शंभर वेळा शंभर नातेवाइकांना सांगितलं होतं. पण या खेपेला तिला जाणवलं, की कुणाचं चुकलं हा प्रश्न आता आपल्या अंगणात येऊन बसला आहे.

*

जाकिटाची पद्धत अशी होती. मंडळाकडे जाकिटं दोनच, एक मोठं आणि एक मध्यम. पोस्टाने ती या घरातून त्या घरात फिरत. कुत्र्याच्या छातीवरचे केस चार ठिकाणी भादरायचे, तिथे चिकट्या लावायच्या, वायरी काडेपेटीएवढ्या डबीला जोडायच्या आणि वरून जाकीट घालून पट्टे आवळायचे. मग चोवीस तास कुत्रा आपला घरात नेहमीसारखा. डबी प्रत्येक ठोका टिपून ठेवते. मुक्या जिवाला देवाने सांगायला जीभ दिली नाही, पण छातीत घड्याळ ठेवलं. ते ऐकायचं, एवढाच सगळा उद्योग. नर चार वर्षांचा होऊन त्याचा आलेख निर्दोष आल्याशिवाय त्याला मादीला दाखवायचा नाही, आणि पुढे दर वर्षी पुन्हा आलेख. हे कलम सहा. कलम सातमध्ये लिहिलेलं होतं, की जाकीट बांधताना घराबाहेरचा साक्षीदार समोर हवा आणि कागदावर त्याची सही हवी. सहाव्या कलमाच्या वेळी सभेत कुणी हूं की चूं केलं नाही. सातव्याला मात्र सगळे चिडले. आमच्यावर विश्वास नाही का? तेव्हा ताईच उठून म्हणाली होती, "विश्वास आहे म्हणूनच साक्षीदार. उद्या कुणी तुमच्यावर बोट ठेवलं तर तुमच्या बाजूने बोलायला माणूस नको?" टाळ्या पडल्या होत्या.

घरी आल्यावर ताईने चपलासुद्धा काढल्या नाहीत. पारव्याचे पाच आलेख होते: चौथ्या वर्षापासून यंदापर्यंतचे. तिने ते काढून जेवणाच्या टेबलावर एकाखाली एक लावले. वर्षानुवर्षं ती फक्त शेवटच्या पानावरचा आकडा बघून वहीत उतरवत आली होती. घरच्याच कुत्र्याचा आलेख कोण ओळ न् ओळ वाचतं? डॉक्टरबाईंकडेही आकडाच जायचा, वाचायचं काम ताईचं.

आता तिने वाचला. हृदयाची रेघ ही माणसाच्या अक्षरासारखी असते. दोघांची अगदी सारखी कधी निघत नाही. चौथ्या वर्षीच्या रेघेत प्रत्येक उंच टोकानंतर एक छोटीशी खाच होती, कुणी 'र'ला शेपटी काढावी तशी. पाचव्या वर्षीच्या रेघेत ती खाच नव्हती. सहाव्या, सातव्या, आठव्या वर्षीही नव्हती. हे चार आलेख एकमेकांशी जुळत होते. पहिल्याशी एकही जुळत नव्हता.

चारही वेळा जाकीट दुसऱ्याच कुत्र्याच्या अंगावर होतं.

प्रत्येक कागदाच्या तळाशी साक्षीदाराची सही होती. ठळक, जरा उजवीकडे कललेली, इस्पितळात तीस वर्षं केलेली. तिची.

तिला एकेक आठवण येऊ लागली. धाकटा भाऊ इथेच, याच टेबलाशी बसून चहा पीत होता. "ताई, तू कशाला दोन बसा बदलून येतेस? गुडघे बघ तुझे. मी बांधतो ना व्यवस्थित. तू सही करून ठेव." आणि तिने केली होती. कोऱ्या कागदावर, चष्माही न लावता. शिवाय ती बहीण. घराबाहेरची तर नव्हतीच नव्हती. ज्या बाईने कुंपण घातलं तिनेच एक फट ठेवली आणि फटीला नाव दिलं 'आपला माणूस'.

भोपळ्या कधी जन्मला ते तिने वहीत पाहिलं. पारव्याच्या पाचव्या वर्षीच्या आलेखानंतर पाच महिन्यांनी. म्हणजे त्या दिवशी ती दोन बसा बदलून गेली असती, तर तो पट्टा तोंडात धरून येणारा जीव या जगात आलाच नसता.

पारव्याची एकूण सहा वेतं, एक्केचाळीस पिल्लं. पहिली सहा खऱ्या आलेखानंतरची. बाकीची पस्तीस तिच्या सहीची.

*

धाकट्याचं दारं-खिडक्यांचं सुतारकाम होतं. पुढे कारखाना, मागे दोन खोल्या, त्यामागे कुत्र्यांचं आवार. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पोचली तेव्हा तो एका चौकटीला रंधा मारत होता. आवारात सात आठवड्यांची आठ पिल्लं एकमेकांच्या अंगावरून लोळत होती. रविवारी ती आपापल्या घरी जायची होती. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची फीत होती. पारवा लाकडाच्या भुशात पाय पसरून पडला होता. ताईला बघून शेपटी दोनदा आपटली, उठला मात्र नाही.

"या या, नियमांची आई आली!" धाकटा हसला. "अगं ए, ताईला चहा टाक. आणि साखर कमी, नाहीतर त्यावरही कलम काढेल."

"पारव्याला काल जाकीट घातलं असतं तर काय निघालं असतं, धाकल्या?"

रंधा थांबला. धाकट्याने तो उलटा करून पातं बोटाने साफ केलं, पुन्हा सुलटा केला.

"सकाळी सकाळी काय हे."

"ड्रायव्हरचा भोपळ्या गेला. काल मी त्याचं हृदय पाहिलं."

स्वयंपाकघराच्या दारात भावजय येऊन उभी राहिली होती. तिने हातातलं भांडं हळूच खाली ठेवलं. तिला माहीत आहे, हे ताईला त्या भांड्याच्या ठेवण्यावरूनच कळलं.

"कुणाला घालायचास जाकीट?" ताईने विचारलं.

"ताई..."

"कुणाला?"

"म्हातारीला," भावजयच बोलली. म्हातारी म्हणजे त्यांची जुनी मादी, पिल्लं कधीच न झालेली, घड्याळासारख्या हृदयाची. "मी म्हटलं होतं ह्यांना. वन्सं, देवाशपथ म्हटलं होतं. असं करू नका, मुक्या जिवाचा तळतळाट लागतो. तर म्हणाले, तू तुझं काम कर."

"तू गप्प बस गं!"

"तीन वर्षं गप्पच बसले की."

धाकटा लाकडाच्या ओंडक्यावर बसला. बराच वेळ त्याने हातावरचा भुसा झटकला. मग बोलायला लागला तो थांबेना. पाचव्या वर्षी त्याने पारव्याच्या छातीला कान लावला होता. सहज. संध्याकाळी कुत्रं मांडीवर डोकं ठेवून पडलं की लावतो तसा. आणि ठोका अडखळला. चार नीट, मग एक गाळलेला, मग दोन घाईघाईने. जिना उतरताना एखाद्याचा पाय चुकावा तसा. त्याला वाटलं आपला भास असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. मंडळाचं जाकीट तर दारात येऊन पडलेलं.

"काय करायला हवं होतं मी? सांग ना! पारव्यासारखी कंबर कुणाची आहे? डोळे कुणाचे आहेत? बाकीचे नर म्हणजे एक लंगडा, एक चावरा, एक साळुंकीचाच भाऊ. पारवा काढला तर उरतं काय? तीनशे कुत्री, ताई. तीनशे! तुझ्या कलमांनी जात वाचवायची होती की संपवायची? एकेक काढत गेलीस तर शेवटी वही तेवढी उरेल, शुद्ध आणि निर्दोष."

हे खोटं नव्हतं. सभेत तिला स्वतःलाच ही भीती कितीदा वाटली होती. नियम कडक केला की जीव कमी होतात, सैल केला की आजार वाढतो. सुईच्या टोकावर उभं राहून चालवायचं काम. तिने पारव्याकडे पाहिलं. आठ वर्षांचा, असल्या हृदयाचा, आणि अजून जिवंत. मुलगा पावणेतीन वर्षांत गेला, बाप शेपटी हलवतोय.

मग तिचं लक्ष फळीवर गेलं. सरसाचा डबा, स्क्रूची बरणी, पॉलिशच्या चिंध्या, आणि त्यांच्यामध्ये गोळ्यांच्या दोन पाकिटांवर रबर लावलेलं. पाकीट तिने दुरूनच ओळखलं. तीस वर्षं हृदयाच्या रुग्णांच्या उशाशी हीच पाकिटं असायची.

"या कुणाच्या?"

धाकटा चौकटीकडे वळला.

"कुणाच्या आहेत, धाकल्या?"

"पारव्याच्या," भावजय म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

"कधीपासून देतोयस?"

"तेव्हापासूनच. लांबच्या एका डॉक्टरकडून लिहून आणल्या. सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी." त्याचा आवाज एकदम लहान झाला. "गुण येतो, ताई. खूप गुण येतो."

आता ऐका. इथपर्यंत ताईच्या मनात राग होता, लाज होती, भावाची कीवही होती. पण 'गुण येतो' हे दोन शब्द ऐकले आणि तिने ती पाकिटं फळीवरून उचलून त्याच्यापुढे धरली. आजार लपवला, एक वेळ समजू शकेल माणूस. जातीच्या लोभाने केलं म्हणेल. पण औषध आहे, त्याने वर्षं वाढतात, हे या माणसाला तीन वर्षं ठाऊक होतं. स्वतःच्या कुत्र्याला तो सकाळ-संध्याकाळ गोळी देत होता, आणि त्याच रक्ताची लेकरं लोकांच्या घरात गोळीवाचून चेंडूमागे धावत होती.

"ड्रायव्हरला एका ओळीचं पत्र गेलं असतं," ती म्हणाली, "तर तो आज बागेत असता. दुसरी नाडी बांधून झाली असती त्याची."

"ताई, एक वर्ष थांब. हात जोडतो. पारव्याला यापुढे एकही मादी दाखवणार नाही. तो जाईल आपल्या वेळेने. कुणाला काही कळायचं कारण नाही. नाव जाईल माझं. तुझंही जाईल, सही तुझी आहे."

"आहे ना."

"मग?"

"मग ती सहीच सांगतेय तुला. ही आठ पिल्लं रविवारी कुठे जाणार नाहीत. आणि मला फोन नंबर दे सगळ्यांचे. वहीत जुने आहेत काही."

"नाही देणार."

"नको देऊस," ताई उठली. गुडघे कुरकुरले. "मी शोधीन."

ती दारापर्यंत गेली तेव्हा पारवा कसाबसा उठून तिच्यामागे चार पावलं आला. मग दमून उभा राहिला. तिने वाकून त्याच्या कानशिलांवरून हात फिरवला. त्याचा काय दोष? त्याला कुणी विचारलं होतं?

*

कलम चौदा म्हणत होतं, की आजार सापडला की सात दिवसांच्या आत त्या रक्ताच्या प्रत्येक कुत्र्याच्या घरी कळवायचं, आणि वहीत नावानिशी लिहायचं, कुणालाही वाचता येईल असं. ताईने आधी वहीत लिहिलं. पारव्याच्या नावापुढे आजार. चार आलेखांपुढे 'खोटे'. साक्षीदाराच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि पुढे 'हजर नव्हती'. एवढे दोन शब्द लिहायला तिला जितका वेळ लागला तितका कलमं लिहायलाही लागला नव्हता.

मग अध्यक्षांना फोन केला. अध्यक्ष म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, भला माणूस, भांडण दिसलं की चष्मा पुसायला लागणारा.

"ताई, घरातलं घरात मिटवता नाही का येणार?" ते म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. हे बाहेर गेलं तर भुरा कोण घेईल हो घरात? वीस वर्षांचं काम आहे आपलं."

"मूठ झाकलेली आहे साहेब, पण आत चाळीस जीव आहेत. ते गुदमरतायत."

पलीकडे चष्मा पुसला जात असावा. "तुमचं पद जाईल."

"ते मी आजच लिहून पाठवलंय. फोन तेवढे मीच करते. दुसऱ्या कुणावर लोकांच्या शिव्या खायची वेळ नको."

फोन बत्तीस होते. भोपळ्या गेलेला, आठ धाकट्याच्या आवारात, बाकी बत्तीस. पहिल्या वेताची सहा पिल्लं खऱ्या आलेखानंतरची असली तरी रक्त तेच. पहिला फोन एका शिंप्याला. तो नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिला आणि शेवटी म्हणाला, "आता ह्याला धावू देऊ की नको?" दुसऱ्या बाईने ताईच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ताईने तो पूर्ण ऐकून घेतला, मग डॉक्टरबाईंचा नंबर दिला, गोळीचं नाव दिलं, दोनदा लिहून घ्यायला लावलं. तिसरा नंबर एका शाळेतल्या शिपायाचा.

"पारव्याचा ना आमचा? तो तर गेल्या उन्हाळ्यातच गेला," तो म्हणाला. "उन्हाने गेला असं वाटलं आम्हाला, म्हणून कळवलं नाही. मी स्वतःला किती दोष दिला, ताई. दुपारचं फिरायला नेलं म्हणून."

ताईने वहीत त्या नावापुढे रेघ मारली. तीनशे दहा.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अठ्ठावीस फोन झाले होते. पाच घरी कुत्रं आधीच गेलेलं. एकाने विषबाधा समजून शेजाऱ्याशी बोलणं टाकलं होतं, चार वर्षांचं शेजार. एकीने म्हटलं, तुम्ही निदान सांगितलंत. एकाने म्हटलं, सांगून काय उपकार केलेत? ताईचा घसा बसला होता. पाणी पिऊन तिने क्षणभर डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि एकोणतिसावा नंबर फिरवणार, तोच दारावर थाप पडली.

धाकटा होता. दाढी वाढलेली, अंगावर कारखान्यातलाच शर्ट. तो आत आला नाही, चौकटीला टेकून उभा राहिला. इतकी वर्षं चौकटी बनवणाऱ्या माणसाला जणू आत यायचं कसं ते आठवत नव्हतं.

"पिल्लांना डॉक्टरबाईंकडे नेऊन आलो," तो म्हणाला. "आठही जणांना. त्या म्हणाल्या, एवढ्यात काही दिसत नाही, वाढल्यावर कळेल. मीच ठेवणार आहे सगळी. पारव्यालाही खरं जाकीट लावलं त्यांनी, त्यांच्याच हाताने."

"मग?"

"नाही वाचवता येणार म्हणाल्या फार. महिना. दोन महिने." त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि तसाच हातात धरून ठेवला. "किती फोन राहिले तुझे?"

"चार."

"चार नाहीत, ताई."

ताईने वही पुढे ओढली.

"एक्केचाळीस नाहीत. पन्नास आहेत. आमच्या साळुंकीचं पाचवं वेत झालं होतं. मंडळात एका मादीला चारच वेतांची मुभा, म्हणून नोंदलं नाही. नऊ पिल्लं. कागदाशिवाय दिली, मंडळाबाहेरच्या लोकांना. ते तुझ्या वहीत सापडणार नाहीत. कुणाच्याच नाहीत. फक्त माझ्याकडे आहेत." त्याने कागद उलगडला. सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलेली नऊ नावं, नऊ नंबर. "दोन वर्षांची झाली आता. भोपळ्यापेक्षा लहान."

ताई खुर्चीत खाली बसली. रागवायलाही अंगात बळ लागतं, आणि ते तीन दिवसांत खर्चून गेलं होतं. बिचारी साळुंकी. चार वेतांवर तिच्या शरीराला विश्रांती मिळावी म्हणून भांडून भांडून लिहिलेलं कलम. तेही.

धाकट्याने कागद तिच्यापुढे टेबलावर ठेवला. "हे फोनही तूच कर. तुला बोलता येतं समजावून. मला नाही जमणार, ताई. मी चौकटी बनवणारा माणूस."

ताईने कागद उचलला नाही. तिने फोन उचलला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. बाजूची खुर्ची पायाने सरकवली.

"ये आत. बस."

"ताई..."

"गोळी कशी द्यायची ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी. तीन वर्षांचा अनुभव आहे तुला. तो सांग त्यांना."

तो बसला. पहिला नंबर फिरवताना त्याचं बोट दोनदा चुकलं. ताईने मदत केली नाही. तिसऱ्यांदा घंटा वाजू लागली. एक, दोन, तीन. मग पलीकडून एका बाईचा मोकळा, खेळकर आवाज आला, खोलीभर ऐकू जाईल असा.

"अय्या, तुम्ही! कित्ती दिवसांनी! अहो, तुमचा पोरगा काय झालाय माहितीये? दारातून मावत नाही. काल तळ्यात पोहला, तीन फेऱ्या! थांबा, इथेच आहे, हाक मारते, तुमचा आवाज ओळखतो का बघू या..."

धाकट्याने डोळे घट्ट मिटून घेतले. पलीकडे फरशीवर नखांचा टकटक आवाज जवळ जवळ येत होता.

"बाई," तो म्हणाला, "आधी तुम्ही जरा खाली बसून घ्या."